कागदं पक्की, शॉकअप गळका

आरटीओच्या साहेबांनी माझ्या फाइलकडे बघितलंसुद्धा नाही. मी ती दोन्ही हातांनी पुढे धरली होती, आहेर द्यावा तशी. त्यांनी सरळ गाडीचं हँडल धरलं, पुढचा ब्रेक आवळला आणि अंगाचा भार टाकून गाडी तीनदा खाली दाबली. मग वाकले. डिस्कच्या बाजूच्या शॉकअपच्या चकचकीत पाईपवरून अंगठा फिरवला आणि तो अंगठा माझ्या नाकासमोर आणला. काळपट, ओला, वर मातीचे कण.

"हे काय?"

"तेल. थोडंसं येतं, साहेब."

"कधीपासून?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. पण एकोणीस वर्षं शाळेत लिपिक आहे. तारीख विचारली की तोंडातून खरी तारीखच निघते. "मागच्याच्या मागच्या पावसाळ्यापासून," मी म्हणालो. "दीड वर्ष धरा."

"ब्रेकच्या डिस्कवर तेल उतरतंय आणि तुम्ही दीड वर्षं फिरताय. सील बदलून आणा. पुसून आणू नका, बदलून आणा." आणि ते पुढच्या गाडीकडे गेले.

फाइल माझ्या हातातच राहिली. चोवीस जानेवारी २०२३, मंगळवार. तालुक्याच्या गावी आरटीओचा कॅम्प होता, विश्रामगृहाच्या आवारात.

त्या फाइलबद्दल थोडं सांगतो, कारण तिच्यावर माझा फार जीव होता. आमची गाडी दीडशे सीसीची, पुढे डिस्क ब्रेक असलेली. घरात तिला 'लाल गाडी' एवढंच नाव. १२ मार्च २००८ ला पासिंग झालं, म्हणजे पंधरा वर्षांची नोंदणी ११ मार्च २०२३ ला संपणार. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षं चालते आणि नूतनीकरण केलं की पुढे पाच वर्षं मिळतात. अर्ज नमुना २५ मध्ये करायचा आणि मुदत संपायच्या साठ दिवसांच्या आत करायचा. त्याआधी केलेला चालत नाही. मी दहा जानेवारीला, बरोबर साठाव्या दिवशी, सकाळी शाळा उघडायच्या आत अर्ज भरला. नूतनीकरणाची फी १,००० रुपये, स्मार्टकार्डाचे २००, आणि पंधरा वर्षांवरच्या दुचाकीला पाच वर्षांचा पर्यावरण कर २,०००. पावत्यांच्या दोन-दोन प्रती. विमा चालू, पीयूसी ताजी, चेसिस नंबरची पेन्सिलने घासून काढलेली छाप तीन वेळा काढली, कारण पहिल्या दोन्हीत शेवटचा आकडा तीन की आठ ते कळत नव्हतं.

गाडीचंही केलं होतं म्हणा. हॉर्न, दिवे, मागचा लाल रिफ्लेक्टर, आरसे. माळ्यावरून साडीगार्ड शोधून बसवलं. गोण्या बांधायला आडवं येतं म्हणून ते कधीचं काढून ठेवलेलं. नियम १२३ मध्ये ते स्पष्ट लिहिलेलं आहे: मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकलेला पाहिजे, धरायला पकड पाहिजे, पाय ठेवायला फुटरेस्ट पाहिजे. हे मी वाचून गेलो होतो. मिस्त्रीकडे मात्र गेलो नव्हतो.

आणि तेलाचं मला माहीत होतं. पाईपवर, रबराच्या जरा वर, एक गोल ओलं कडं दिसायचं. दर रविवारी मी ते फडक्याने पुसायचो. बुधवारपर्यंत पुन्हा हजर. मग ते पुसणं हाच एक कार्यक्रम झाला, देवपूजा झाली की गाडीपूजा. ओट्यावर गाडी लावली की खाली डाग पडायचा. आईने एक दिवस विचारलंच, "तुनी गाडी मुतस का रे?" आणि केळीच्या खोक्याचा एक पुठ्ठा आणून चाकाखाली सरकवला. तो पुठ्ठा तिथेच राहिला. आमच्या घरात अडचणीवर कायमचा उपाय असाच होतो.

कॅम्पवर परत येतो. मी गाडी बाजूला घेतली तसा रांगेतला एक जण जवळ आला. पांढरा शर्ट, खिशात चार पेनं. त्याचं काम काय ते मी विचारलं नाही. म्हणाला, "भो, एवढं काय तोंड पाडून बसलात? पेट्रोलचं फडकं मारा, उभी करा, पुढच्या पाळीला दाखवा. अर्धा तास तेल वर येत नाही." त्याचं गणित बरोबर होतं. माझी गाडीही पुसल्यावर तासभर कोरडीच असायची. पण साहेबांचं ते 'पुसून आणू नका' कानात होतं, आणि दुसरी एक गोष्ट आठवली ती मी आजपर्यंत घरी सांगितलेली नाही. दिवाळीच्या आधी यावल रस्त्यावर, केळी भरलेला ट्रॅक्टर मधेच वळला तेव्हा मी पुढचा ब्रेक दाबला होता. गाडी थांबली, पण थांबता थांबता थांबली. ट्रॉलीच्या फळीपासून हातभर अंतर राहिलं. मी तेव्हा दोष रस्त्यावरच्या वाळूला दिला.

शॉकअपमधलं तेल पाईपवरून खाली येतं, बॉटमवरून, म्हणजे खालच्या जाड नळ्यावरून, ओघळतं आणि तिथेच कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा चिमटा, असतो. थेंब डिस्कवर आला की चाक फिरताना तो सगळीकडे लागतो, पॅड तो शोषून घेतात. मग लिव्हर कितीही दाबा, पकड मिळत नाही. हे मला त्या दिवशी आवारात उभं राहून कळलं. यावल रस्त्यावर वाळू नव्हतीच.

पहिली दुरुस्ती लवकर सांगतो, कारण ती लवकरच झाली. फाट्यावर एक नवीन गॅरेज झालंय, मुलगा चटपटीत आहे. त्याने "काका, चाळीस मिनिटं" म्हटलं आणि पस्तीस मिनिटांत काम केलं. एकाच बाजूचं ऑईल सील, म्हणजे तेल अडवणारं गोल रबर, बदललं. जुनं सील स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून काढलं, नवं हातोडीने चारी बाजूंनी ठोकत बसवलं, इंजिन ऑईलच्या डब्यातून अंदाजाने तेल ओतलं. "थोडं जास्तच घातलंय, म्हणजे शॉकअप कडक राहील." साडेतीनशे रुपये घेतले. मी खूश. घरी येताना मुद्दाम दोन वेळा खड्ड्यातून नेली.

नवव्या दिवशी सकाळी पाईपवर कडं. या वेळी आधीपेक्षा रुंद.

मी गॅरेजला गेलो. तो म्हणाला सील डुप्लिकेट निघालं असेल, दुसरं टाकतो. दुसरं टाकलं. ते सहा दिवस टिकलं. चौदा फेब्रुवारीचा कॅम्प माझ्या डोळ्यादेखत निघून गेला. गाडी दाखवायला नेलीच नाही. फाइलमधल्या पीयूसीच्या तारखेकडे बघत बसलो.

आमच्या शाळेतल्या शिपाईभाऊंनी मग मला चाचांचा पत्ता दिला. बाजारपट्टीच्या मागे, कापसाच्या जुन्या जिनजवळ, पत्र्याची शेड. पाटी नाही. वय सत्तरीचं, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. सगळा तालुका त्यांना चाचा म्हणतो, मीही म्हणालो.

चाचांनी आधी गाडीला हात लावला नाही. मला विचारलं, "सील कितींदा बदलला?"

"दोनदा."

"आणि पाईप कितींदा बघितला?"

मी गप्प. त्यांनी डस्ट सील, म्हणजे वरचं धुळीचं रबर, पेचकसाच्या बोथट टोकाने वर सरकवलं. खाली काळी माती आणि तेल यांचा लगदा साचलेला. आमच्या तापीकाठची माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते आणि पावसाळ्यात मडगार्डमध्ये अशी चिकटते की चाक फिरत नाही. दोन्ही ऋतूंत ती जाते मात्र तिथेच. चाचांनी जुन्या एक्स-रे फिल्मची एक पट्टी कापली, तिच्या टोकाला हुकासारखी खाच पाडली आणि ती सीलच्या ओठात, म्हणजे पाईपला टेकणाऱ्या आतल्या कडेत, घालून पाईपभोवती हळूहळू फिरवली. पट्टीवर बारीक रेती आली. "काही गाड्या एवढ्यानेच बऱ्या होतात," म्हणाले. "कचरा अडकला की ओठ उघडा राहतो. सील चांगलं असतं, लोक फुकट बदलतात. पण तुझं एवढ्यावर भागायचं नाही. दे हात इकडे."

त्यांनी माझ्या अंगठ्याचं नख धरलं आणि पाईपवरून वरून खाली फिरवलं. डस्ट सीलच्या वर चार बोटं आलं आणि नख अडलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच. बघायला गेलं तर मोहरीएवढे बारीक तपकिरी ठिपके, पाच-सहा. त्यांच्यावरून माझं फडकं दीड वर्षं फिरत होतं.

"हे गंजाचे खड्डे. क्रोम उडालंय. ह्याची कड करवतीसारखी असते. गाडी खड्ड्यात गेली की पाईप खाली जातो, कड सीलच्या ओठावरून घासत जाते. वर येतो, पुन्हा घासते. दिवसाला हजार वेळा. रबर किती दिवस टिकेल? सीलचा काय कसूर?"

मी म्हटलं, पाईप तर वरच्या बाजूलाही खराब आहे, हँडलजवळ. तिथे तर चांगला गंजच चढलाय. चाचा हसले. तिथला गंज दिसायला वाईट, पण सील तिथपर्यंत जातच नाही. गाडी पूर्ण दबली तरी पाईपचा जेवढा भाग सीलमधून आत जातो तेवढाच महत्त्वाचा. त्यांनी पाईपला एक सुतळी बांधली, गाडी जोरात दाबली आणि सुतळी कुठपर्यंत सरकली ते दाखवलं. खड्डे बरोबर त्या पट्ट्यात होते.

"ह्या पुढच्या बाजूला काय बांधतोस रे तू?"

हा प्रश्न मला डॉक्टरच्या प्रश्नासारखा वाटला. दारू पिता का, तसा. शाळा सुटली की मी तीन एकर केळीकडे जातो, आणि युरियाची पंचेचाळीस किलोची गोणी टाकीवर, पुढ्यात ठेवून नेतो. मागे ठिबकची नळी असते. गोणीच्या शिवणीतून दाणे सांडतात, हँडलवर, पाईपवर. युरिया हवेतलं पाणी ओढतो, रात्री तिथेच ओला होऊन बसतो. गाडी निंबाखाली उभी, वर दव. पंधरा वर्षांचा हिशेब करायला नको, मी मान हलवली. चाचा काही बोलले नाहीत. पोराला हाक मारली, "चल, पुढचं चाक काढ."

पुढचे दोन तास मी लाकडी खोक्यावर बसून बघत राहिलो. शाळेला अर्धी रजा टाकली होती. एवढं बारीक काम मी पूर्वी फक्त घड्याळवाल्याकडे पाहिलंय.

शॉकअपचे दोन्ही पाय काढले, एकट्या गळणाऱ्या बाजूचा नाही. "एकात नवं तेल, एकात जुनं, मग गाडी एका बाजूला लंगडते." वरची टोपी उघडून तेल एका काचेच्या बरणीत ओतलं. गळणाऱ्या बाजूचं तेल काळं, भरपूर आणि फेसाळ. फाट्यावरच्या पोराने ओतलेलं जादा इंजिन ऑईल. चाचा म्हणाले, तेल जास्त झालं की वरची हवा दाबायला जागा उरत नाही, मग तो दाब सीलवरच येतो, चांगलं सीलसुद्धा तोंड उघडतं. दुसऱ्या बाजूचं तेल जेमतेम निम्मं, चिखलाच्या पाण्यासारखं, तळाला राखाडी गाळ. तो पाय गळत नव्हता, पण पंधरा वर्षांत त्याचं तेल कुणी बदललं नव्हतं. शॉकअपमध्ये बदलायचं तेल असतं हेच मला माहीत नव्हतं. स्प्रिंग गाडी उचलून धरते, तेल तिला उड्या मारू देत नाही, एवढं साधं ते.

बॉटमच्या तळाशी एक ॲलन बोल्ट असतो, चाकाच्या ॲक्सलच्या वरच्या बाजूला लपलेला. तो सोडवला की आतली नळी मोकळी होते आणि पाईप वर निघतो. हा बोल्ट सहजी सुटत नाही, आतली नळी त्याच्याबरोबर फिरत राहते. त्यासाठी चाचांनी स्प्रिंग आत ठेवून पाईप दाबून धरायला लावला. पोराने दाबला, मीही एक हात दिला. बोल्टखाली तांब्याचा वायसर. तो नवा घातला, कारण तोही जुना झाला की तिथून गळती लागते आणि लोक वरचं सील बदलत बसतात.

पाईप बाहेर आल्यावर त्यांनी शेजारच्या फोटो फ्रेमवाल्याकडून एक जाड काच मागवली. काच सपाट ठेवून तिच्यावर पाईप लाटण्यासारखा फिरवला आणि डोळा खाली नेऊन बघितलं. पाईप वाकलेला असता तर काच आणि पाईप यांच्यामधून उजेडाची फट उघडझाप करताना दिसली असती. दिसली नाही. यावल रस्त्यावर मी धडकलो असतो तर दिसली असती, हा विचार मला तेव्हा आला. चाचांना ते सांगितलं नाही.

खड्ड्यांवर त्यांनी आधी बारीक पाण्याचा पॉलिश पेपर तेलात भिजवून फिरवला, पाईपच्या लांबीत नाही, आडवा, गोल गोल. चार ठिपक्यांच्या कडा गेल्या. दोन राहिले. नख अजून अडतच होतं. चाचांनी पाईप बाजूला ठेवला. "हा गेला. आता दोनच रस्ते. जिल्ह्याला पाठवून हार्ड क्रोम करून घ्यायचा, घासून मापात आणून. नाहीतर नवा टाकायचा. एकट्या पाईपसाठी क्रोमच्या मागे लागू नकोस, पैसे तेवढेच जातील आणि आठ-दहा दिवस वर." दुसऱ्या बाजूचा पाईप मात्र चांगला निघाला. तो धुऊन ठेवला.

नवा पाईप यायला पाच दिवस लागले. ते पाच दिवस मी शाळेत सायकलने गेलो. होळीच्या आधीचे भोंगऱ्याचे आदिवासी बाजार सुरू व्हायला आले होते, सातपुड्याच्या बाजूच्या रस्त्यांवर ढोल घेऊन निघालेली माणसं दिसत होती आणि मी पंधरा वर्षांनी सायकल हाणत होतो. गावातल्या प्रत्येकाने एकदा तरी विचारलं, "आप्पा, गाडी पास व्हयनी का?" काहींनी तर रोज विचारलं. एकाने भंगारवाल्याचा नंबर दिला. त्याच्या मते एवढ्या जुन्या गाडीवर खर्च करणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नाल मारणं. माझा मुलगाही त्याच मताचा. मी त्याला म्हटलं, ही गाडी कापसाच्या पैशातून घेतली, त्या वर्षी तुझी आई आणि तू दवाखान्यातून हिच्यावरच घरी आलात. तो म्हणाला, "म्हणूनच तर." पोरांना उत्तरं कुठून सुचतात कळत नाही.

पाईप आला त्या दिवशी मी पुन्हा खोक्यावर. हे मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण फाट्यावरच्या पोराने नेमकं काय चुकवलं ते मला इथे दिसलं.

जुनं सील काढल्यावर बॉटमच्या आत जिथे सील बसतं त्या भिंतीवर स्क्रू-ड्रायव्हरचे दोन ओरखडे होते. चाचांनी बोट फिरवून ते मला दाखवले. तिथून सीलच्या बाहेरच्या बाजूने तेल निघू शकतं. त्यांनी ते बारीक कागदाने सपाट केले, पेट्रोलने धुतलं, कापडाने कोरडं केलं. नवीन सीलला दोन तोंडं असतात: एका बाजूला आत बारीक गोल स्प्रिंग दिसते, दुसरी बाजू सपाट, तिच्यावर आकडे छापलेले. स्प्रिंगची बाजू खाली तेलाकडे, आकडे वर आपल्याकडे. सील घालण्याआधी पाईपच्या वरच्या टोकावर त्यांनी दुधाची रिकामी पिशवी ताणून चढवली आणि तिच्यावर तेल लावलं. टोकाची कड धारदार असते, पिशवी नसेल तर नवं सील घालतानाच ओठ कापला जातो. पिशवीवरून सील घसरत खाली आलं. मग पिशवी काढून टाकली.

आणि सील ठोकायचं हत्यार! केळीच्या शेतात असते तीच पीव्हीसीची पाईप, वीतभर लांब, दोन्ही टोकं सरळ कापलेली. ती पाईपवरून घालून वरून लाकडाने हलके ठोके मारले की सील सगळीकडून सारखं खाली जातं. तिरकं होत नाही. ठोक्याचा आवाज बदलला की बसलं. मग वर सील धरून ठेवणारी तारेची सर्कलिप, खाचेत नीट बसलीय का ते पेचकसाने फिरवून पाहिलं, मग डस्ट सील. फाट्यावरच्या पोराने सर्कलिप निम्मीच बसवली होती.

तेल त्यांनी मेडिकलवाल्याच्या मोठ्या सिरिंजने मोजून घातलं, दोन्ही बाजूंना थेंबभर फरक नाही. इंजिनचं नाही, शॉकअपचंच, दहा नंबरचं. मग पाईप वरखाली दहा-बारा वेळा पंप केला, आतली हवा बुडबुडे होऊन वर आली, पातळी खाली उतरली. मग पट्टी घालून दोन्ही पायांतली पातळी वरून मोजली.

ब्रेकचे पॅड काढले तर एका कडेला तेलाने चकाकत होते. मी म्हटलं, काही लोक पॅड जाळून तेल काढतात. चाचांनी पॅड माझ्या हातात ठेवले. "जाळ घरी जाऊन. मी नवीन टाकतो." डिस्क थिनरने तीनदा पुसली, फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत. चाक बसवून ॲक्सल घट्ट आवळण्याआधी गाडी पुढून पाच-सहा वेळा दाबली, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी सरळ बसतात. मगच शेवटचा आवळा. नाहीतर पाय एकमेकांना ओढतात, पाईप एका बाजूने घासतो.

पाईप, दोन्ही बाजूंची सीलं, तेल, पॅड, मजुरी मिळून २,३४० रुपये. मी पावती मागितली. चाचांनी सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या पांढऱ्या बाजूवर आकडे लिहून दिले. ती मी फाइलमध्ये लावली आहे. आणि निघताना बजावलं, "गोणी पुढे ठेवलीच तर घरी गेल्यावर पाईप ओल्या कपड्याने पूस. तेल पुसत होतास ना, आता युरिया पूस. आणि फवारणीच्या पंपाचा जोराचा फवारा सीलवर मारू नकोस, चिखल आत घुसतो."

अठ्ठावीस फेब्रुवारीला पुन्हा कॅम्प. मुदत संपायला अकरा दिवस. तेच आवार, तीच गुलमोहराखालची रांग, तेच साहेब. मी फाइल या वेळी डिकीतच ठेवली. त्यांनी ब्रेक आवळून गाडी दाबली, तीनदा. अंगठा फिरवला. अंगठा बघितला. मग माझ्याकडे बघितलं. "पाईप नवा टाकला?"

"हो साहेब. जुन्याला खड्डे होते."

"हं." चेसिस नंबर ताडून बघितला, साडीगार्डकडे एक नजर, दिवे लावायला सांगितले. मागचा डावा इंडिकेटर लागेना. पंधरा वर्षांत तो त्याच दिवशी मेला. मी आवाराबाहेरच्या टपरीवरून बल्ब आणला, हात थरथरत लावला, तोवर साहेब चहा पिऊन आले. लागला.

"ठीक आहे. कार्ड पोस्टाने येईल."

एवढंच. पाच मिनिटंसुद्धा नाहीत. मी गाडी बाहेर काढत होतो तेव्हा मागे एक तरुण पोरगा त्याच्या गाडीच्या पाईपवरून घाईघाईने फडकं फिरवत होता. त्याच्या बाजूला तोच पांढरा शर्ट. मी थांबून म्हटलं, "भाऊ, नख फिरवून बघ जरा पाईपवर." त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी चाचांकडे पहिल्या दिवशी बघितलं असेल. मी चाचांचा पत्ता सांगितला. लिहून घेतला की नाही माहीत नाही.

यावल रस्त्याने घरी येताना रिकाम्या जागेवर मी पुढचा ब्रेक एकदा जोरात दाबून बघितला. गाडी थांबली. जिथे थांबायला पाहिजे होती तिथेच.

कार्ड होळी झाल्यावर आलं, त्यावर २०२८ पर्यंतची तारीख. आईला दाखवलं. तिला कार्डाशी काही घेणं नव्हतं. ती ओट्यावर गेली, चाकाखालचा पुठ्ठा ओढून काढला, उलटसुलट करून बघितला. जुन्या डागाभोवती पंधरा दिवसांत नवा थेंब नव्हता. संध्याकाळी बट्ट्या करायच्या होत्या, तिने तो चुलीत घातला. तेलाचाच होता, भुरकन पेटला.